आबांसाठी रडता यावं म्हणून

धुळ्याला आमच्या डॉक्टरांची ओपीडी बुधवारी असते. नंबर लागेपर्यंत दोन-अडीच तास बाकावर काढावे लागतात. मागच्या महिन्यात माझ्या शेजारी साक्रीकडच्या एक बाई बसल्या होत्या, सोबत विशी-बाविशीची मुलगी. मुलीच्या हातात पेरूची फोड होती. ती तिने खाल्ली नाही आणि टाकलीही नाही. "खाई ले ना माय," बाई म्हणाल्या. मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, लाड नव्हता, कंटाळाही नव्हता. मला तो चेहरा ओळखीचा वाटला, कारण रोज सकाळी वेणी घालताना आरशात मला तोच दिसतो.

बाईंनी माझ्या मांडीवरची जाडजूड फाईल पाहिली. "ताई, तुमलेबी हाऊच आजार शे का?"

मी हो म्हटलं. नऊ वर्षं झाली, हेही सांगितलं. मग त्यांनी आवाज खाली आणला आणि विचारलं, "पोर पहिलासारखी व्हई का?"

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. "डॉक्टरांना विचारा," असं म्हणून मी उठले. खोटं बोलले नाही, पण पळाले हे खरं. परतीच्या एसटीत जळगाव येईपर्यंत तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी डॉक्टर नाही. स्किझोफ्रेनिया का होतो, मेंदूत काय बिघडतं, हे मला विचारू नका. मला फक्त माझं माहीत आहे. आणि माझ्यासाठी सगळं येऊन थांबतं ते एकाच गोष्टीवर: माझी मुलगी पूर्वा माझ्या घरी परत राहायला येते की नाही.

चिठ्ठ्या

माझं नाव छाया. आधीची छाया कशी होती ते सांगते. मी हसले की शेजारच्या गल्लीत कळायचं, असं माझा नवरा संजय म्हणायचा. जळगावला एका सराफाच्या दुकानात मी काउंटरवर होते. लग्नाची खरेदी करायला आलेल्या बायका माझ्याकडेच यायच्या, कारण मी त्यांच्या सासवांच्या नकला करून दाखवायचे आणि बोलता बोलता जड हार गळ्यात घालायचे. शेठजी म्हणायचे, या पोरीच्या तोंडावर दुकान चालतं.

दुकानात प्रत्येक दागिन्याला दोऱ्याने एक छोटी चिठ्ठी बांधलेली असते, वजन आणि नंबर लिहिलेली. एका दिवाळीनंतर त्या चिठ्ठ्या मला काहीतरी सांगायला लागल्या. सोबत एक बाई कानात बोलायची. फार अदबीने बोलायची, मला मॅडम म्हणायची. एका दुपारी मी चार ट्रेमधल्या सगळ्या चिठ्ठ्या सोडवून काउंटरवर ओळीने लावल्या. त्या नीट वाचल्या की पूर्वाला शाळेतून कोण पळवून नेणार आहे ते कळेल, असं त्या बाईने सांगितलं होतं. पूर्वा तेव्हा सहा वर्षांची होती. शेठजींनी आरडाओरडा केला नाही. शटर अर्ध्यावर घेतलं, मला पाणी दिलं आणि संजयला फोन लावला.

मग दोन महिने लिंबू, अंगारे आणि एका बाबांच्या फेऱ्या यात गेले. त्याचं वर्णन करत नाही. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना ते माहीत आहे आणि बाकीच्यांची नुसती करमणूक होईल.

शब्द देत नाही

धुळ्याला गेलो ते उपचार चांगले म्हणून नाही. जळगावात कोणी पाहील म्हणून. पहिल्याच दिवशी बाकावर आमच्याच कॉलनीतले एक गृहस्थ बसलेले. तेही जळगावात कोणी पाहील म्हणूनच तिथे आले होते. आम्ही त्यांना पाहिलं, त्यांनी आम्हाला. नऊ वर्षांत या विषयावर आमच्यात एक शब्द झालेला नाही, भाजीच्या गाडीवर मात्र रोज नमस्कार होतो.

माझ्यासोबत संजय होता आणि माझे वडील, आबा. आबा पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावाहून पहाटेच्या गाडीने आले होते, पांढरी टोपी आणि रेक्झिनची पिशवी घेऊन. डॉक्टरांनी मला बरंच विचारलं. आजाराचं नाव सांगितलं. संजयने विचारलं, "किती दिवसांत बरी होईल?"

"कानातला आवाज गोळ्यांनी बहुतेक शांत होईल," डॉक्टर म्हणाले. "काही आठवडे लागतील. बाकीचं हळू असतं."

"बाकीचं म्हणजे?"

"हसणं, रडणं. एखाद्या गोष्टीचं काही वाटणं आणि वाटलेलं चेहऱ्यावर दिसणं. काहींचं परत येतं, काहींचं थोडं येतं. त्याचा शब्द मी आज देत नाही."

संजयने पहिलं वाक्य धरलं. माणूस आपल्याला हवं तेच धरतो, त्याला मी दोष देत नाही. आबांनी मात्र दुसरं ऐकलं. स्टँडवर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी त्यांनी मला विचारलं, "तुले काय वाटी राहिनं, पोरी?" मला काही सांगता आलं नाही. ते रस संपेपर्यंत थांबले, मग म्हणाले, "बरं. मी इचारत राहसू."

तीन आठवडे मी वॉर्डात होते. पहाटे पाच वाजता दिवे लागायचे. चहा, बिस्कीट, गोळ्या, मग तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची, गोळी गिळली की नाही ते बघायला. दुपारी वरण-भात, पुन्हा गोळ्या, पुन्हा जीभ. मला भीती वाटायची ती याची, की मॅडम म्हणणारी बाई गेल्यावर माझ्याशी बोलायला कोणीच उरणार नाही. ती गेली. खरोखरच कोणी उरलं नाही. फक्त शेवंताबाई नावाची एक आया होती. ती जेवणानंतर माझे केस विंचरायची. एकदा मी तिला आभार मानायला हसायचा प्रयत्न केला आणि ते काही जमलं नाही. "नको तोंड वाकडं करू," ती म्हणाली. "हासू येत नही तं नही. जेवन तं कर." त्या तीन आठवड्यांत माझ्याशी कोणी इतकं सरळ बोललं नव्हतं.

झाकण

घरी आले तेव्हा सगळे म्हणाले, बरी झाली. भांडी घासत होते, पोळ्या करत होते, चिठ्ठ्या गप्प होत्या. माझा चेहरा तेवढा गेला होता.

ज्यांनी हे भोगलं नाही त्यांना वाटतं, आत काहीच नसेल म्हणून बाहेर काही दिसत नाही. काही काळ आतही खरंच कमी असतं, सगळं आळणी लागतं. पण नेहमी नाही. माझ्या बाबतीत बरेचदा पातेल्यात पाणी उकळत असतं आणि झाकण हलत नाही. बघणारा म्हणतो, चूल विझली आहे.

पूर्वाने दुसरीत असताना चित्रकलेचं बक्षीस आणलं. पळत आली, धापा टाकत चित्र माझ्यापुढे धरलं. मी म्हणाले, "छान आहे." आवाज बस कंडक्टरने थांबा सांगावा तसा निघाला. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, थोडा वेळ वाट पाहिली, मग चित्र घेऊन बाबाकडे गेली. पुढच्या वेळी ती थेट बाबाकडे गेली. त्यानंतर ती मला काही दाखवायचीच बंद झाली.

संजय पाइपच्या कारखान्यात शिफ्ट करून यायचा, वर घरचंही बघायचा. एकदा ताट तसंच ठेवून म्हणाला, "मी मेलो तरी तू अशीच बघशील का गं?" त्याची बहीण ज्योतीताई भुसावळला राहते, तिचे यजमान रेल्वेत आहेत. ती म्हणाली, पूर्वाला माझ्याकडे ठेवू या, लेकराला घरात जरा हसणारं माणूस लागतं. मी नाही म्हणाले. ते 'नाही'ही इतकं सपाट निघालं, की मला त्यातलं काही वाटतच नाही असं त्यांना वाटलं.

आबा एकटे वेगळे वागायचे. दर महिन्याला एका बुधवारी ते गावाहून जळगावला यायचे आणि मला एसटीने धुळ्याला न्यायचे. गाडी पारोळ्याला थांबली की चहा घ्यायचे. माझ्या पहिल्या घोटानंतर दरवेळी विचारायचे, "चहा गोड शे का?" मी मान हलवायचे. त्यांना ते चालायचं नाही. "मान नको हालाडू. बोल." मी म्हणायचे, गोड आहे. कधी म्हणायचे, नुसतं गरम पाणी आहे. ते खूश व्हायचे. माझ्या तोंडाकडे ते बघायचेच नाहीत, चहावाल्याकडे बघत उत्तराची वाट पाहायचे. चार वर्षं हे असं चाललं.

गळ्यात पडणं

कापूस वेचणीचे दिवस होते. आबा सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसले आणि बसल्या जागी गेले.

आमच्या गावात मयताच्या घरी बाई आली की दारातूनच हंबरडा फोडते. घरातल्या बाईने उठून तिच्या गळ्यात पडायचं. दोघींनी मिळून रडायचं, गेलेल्या माणसाला हाक मारत, त्याच्या आठवणी काढत. मग दोघी थांबतात, नाक पुसतात, चहा होतो. दुसरी बाई आली की पुन्हा उठायचं. शहरातल्या लोकांना हे नाटक वाटतं. नाटक नाही ते. जड गाठोडं एकटीने उचलवत नाही, म्हणून दोघींनी हात लावायचा असतो. आणि त्यात पहिला हात लेकीचा.

मी उठत होते, गळ्यात पडत होते. समोरची बाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायची आणि मी तिच्या पाठीमागची भिंत बघत उभी असायचे. आवाज निघत नव्हता, डोळ्यात पाणी नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून बायका माझ्याकडे यायच्या थांबल्या, सरळ आईकडे जायला लागल्या. आत काय चाललं होतं ते सांगते. चहाचा घोट घेतला की मी थांबायचे. कोणीतरी विचारेल म्हणून थांबायचे. कोणी विचारत नव्हतं आणि चहा गार व्हायचा.

तिसऱ्या दिवशी पूर्वाने मला परसात गाठलं. दहा वर्षांची होती. "आई, तुला आबा आवडत नव्हते का?"

मी म्हणाले, "आवडायचे." तिने माझा चेहरा पाहिला आणि तिला ते पटलं नाही, हे मला दिसलं.

त्याच दुपारी माझी मोठी काकू आईला म्हणाली, "त्या गोयास्नी पोरले दगड करी टाकं. गंधमुक्तीलोंग बंद कर. बापनासाठे एकदाव रडी लेवू दे तिले." गंधमुक्ती म्हणजे सुतक फिटण्याचा दिवस, त्याला अजून आठवडाभर होता. तोवर माझ्या गोळ्या बंद ठेवायच्या, असं तिचं म्हणणं. आई घाबरली होती. दुःख आत राहिलं तर माणूस आतून सडतं, असं तिला खरंच वाटत होतं. संजय कारखान्याची रजा संपवून जळगावला गेला होता, त्याला कोणी विचारलं नाही.

पुढे सगळ्यांनी काकूला बोल लावले, म्हणून हे स्पष्ट लिहिते. गोळ्यांचं पाकीट मी स्वतः आईच्या हातात दिलं. आबा असते तर त्यांनी ते देऊ दिलं नसतं. पण मलाही रडायचं होतं. माझ्या मुलीने मला रडताना बघावं, असं मला फार वाटत होतं.

त्या दिवशी मी रडले

पहिले तीन-चार दिवस काही झालं नाही. मग झोप गेली आणि सगळं लख्ख दिसायला लागलं. तुळशीचं पान न् पान वेगळं दिसायचं. मला वाटलं, काकू म्हणाली ते खरं आहे, मी जागी होते आहे. गंधमुक्तीच्या आदल्या दिवशी चहा पिताना आबांचा आवाज आला. "गोड शे का?" मी म्हणाले, गोड आहे. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. कोणाला सांगितलं नाही.

गंधमुक्तीच्या सकाळी आवाज कापसाच्या खोलीतून यायला लागला. भाव यावा म्हणून आमच्याकडे कापूस घरातच साठवतात. त्या खोलीत तो थेट आढ्यापर्यंत भरलेला होता. "छाया, मना श्वास कोंडी राहिना," आबा म्हणत होते. "माले बाहेर काढ."

मी ओट्यावर बसून मोठमोठ्याने रडले. छाती बडवून, आबांना हाका मारत रडले. सगळ्या बायका धावत आल्या. काकूने मला कवटाळलं. "मोकयी व्हयनी पोर," ती म्हणाली आणि स्वतः रडायला लागली. आईने देव्हाऱ्याकडे हात जोडले. जी बाई माझ्याकडे यायची थांबली होती, ती येऊन माझ्या गळ्यात पडली. सगळ्यांचं समाधान झालं. आबा आत गुदमरत आहेत म्हणून मी रडते आहे, हे एकाही माणसाला कळलं नाही. लेक बापासाठी रडते आहे, एवढंच दिसत होतं.

दुपारी अंगणात पंगत बसली. मी पूर्वाचा हात धरला. "चल, आबांना भेटू," मी म्हणाले आणि तिच्याकडे बघून हसले.

ती लगेच आली. का आली, ते तिने मला फार नंतर सांगितलं. आबा गेलेत हे तिला चांगलं कळत होतं. पण चार वर्षांनी आई तिच्याकडे बघून हसली होती. त्या हसण्याच्या मागे ती कुठेही आली असती.

खोलीत शिरल्यावर मी आतून कडी लावली. पूर्वाला कोपऱ्यात बसवलं आणि आबांना शोधायला कापूस उपसायला लागले. हाताने ओढत होते, मागे फेकत होते. खालून उपसल्यावर वरचा ढीग घसरणारच, हे कापसाच्या घरात वाढलेल्या माझ्यासारखीला सांगायची गरज नव्हती. तो घसरला. पूर्वावर आला. ती हाक मारत होती, "आई, आई." मग खोकायला लागली. मी थांबले नाही. आबांचा आवाज जास्त जवळचा होता.

पंगतीतल्या माणसांनी दार तोडलं. पूर्वाला बाहेर काढलं तेव्हा तिच्या नाकातोंडात कापूस होता. ती वाचली. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. पण अजूनही ती कापसाच्या गादीवर झोपत नाही. ज्योतीताईने तिच्यासाठी फोमची गादी आणली आहे, उशीसुद्धा फोमची.

संध्याकाळी संजय आला. पूर्वाला उचलून घेतलं. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती भुसावळला होती आणि मी धुळ्याला.

दार उघडं ठेवून

या वेळी दोन महिने लागले. डॉक्टर आईला रागावले नाहीत. समोर खुर्ची देऊन म्हणाले, "आजी, हिचं रडणं मुख्यतः आजाराने नेलं होतं. गोळ्यांनी थोडं जडत्व येतं, ते मला सांगितलं असतं तर मी गोळी बदलून बघितली असती. पण गोळ्या होत्या म्हणून ही बाई पहिले तीन दिवस तुमच्या शेजारी बसू तरी शकली." आई पदर तोंडाला लावून बसली होती. तिने घरी आल्यावर आबांच्या फोटोमागे माझं गोळ्यांचं वेळापत्रक चिकटवलं.

गोळी बदलली. थोडा फरक पडला, फार नाही. समुपदेशक बाईंनी आरशासमोर हसायचा सराव दिला. गाल वर, डोळे बारीक, दहा वेळा. संजयने एकदा दारातून पाहिलं आणि म्हणाला, "राहू दे, भीती वाटते." मग तोच हसला. मी आत हसले आणि तसं त्याला बोलून सांगितलं. कितीतरी दिवसांनी आम्ही एकत्र बसून जेवलो.

शेठजींनी मला पुन्हा कामावर घेतलं, मागच्या खोलीत. तिथे गिऱ्हाईक नसतं, चेहऱ्याचं काम नसतं. मी दिवसभर दागिन्यांना चिठ्ठ्या बांधते. पहिल्या दिवशी त्यांनी गठ्ठा माझ्यापुढे ठेवला तेव्हा त्यांचा हात जरा थांबला होता. पण ठेवला.

दर रविवारी मी भुसावळला जाते. ज्योतीताईचा नियम आहे, मी आणि पूर्वा बसतो त्या खोलीचं दार उघडं राहील. सुरुवातीला मला ते झोंबलं. आता मीच गेल्या गेल्या दाराला पायपुसणं लावते, वाऱ्याने लागू नये म्हणून.

पहिलं वर्षभर पूर्वा माझ्याकडे पाठ करून अभ्यास करायची. मी आबांचं उलटं केलं. ते विचारायचे, मी न विचारता सांगायला लागले. "पूर्वा, मला तुला बघून बरं वाटलं." "पूर्वा, तू वेणी कापलीस याचं मला वाईट वाटलं." ती म्हणायची, "ओके." एका रविवारी वहीतून डोकं वर न काढता तिने विचारलं, "बरं म्हणजे किती बरं?" मी म्हणाले, "पारोळ्याच्या चहाएवढं." तिला ते माहीत होतं, आबांनी सांगितलेलं. तिने वही मिटली.

त्यानंतर कधीतरी तिने विचारलंच. "त्या दिवशी मी हाक मारत होते. तुला ऐकू आली होती?"

नाही म्हणता आलं असतं. माझ्या चेहऱ्यावरून तिला कधीच कळलं नसतं, तेवढा एक फायदा आहे त्याचा. मी म्हणाले, "आली होती." ती उठून आत गेली. पुढचे दोन रविवार बाहेर आली नाही. ज्योतीताई म्हणाली, खोटं बोलायचं होतं ना. तिसऱ्या रविवारी पूर्वा येऊन बसली, आधीपेक्षा जरा जवळ.

उत्तर

साक्रीच्या बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पहिल्यासारखी होईल का? मला माहीत नाही. आमच्या कॉलनीतले ते गृहस्थ आता गणपतीत नाटकात काम करतात, विनोदी भूमिका, लोक पोट धरून हसतात. मी पहिल्यासारखी झाले नाही आणि होईन असं मला आता वाटत नाही. तुमची मुलगी कोणत्या वाटेने जाईल हे डॉक्टरांनाही आज सांगता येणार नाही. पण तिने हसावं म्हणून, रडावं म्हणून, लग्नात चारचौघींसारखी दिसावी म्हणून गोळ्या थांबवू नका. आणि तिच्या तोंडाकडे बघून उत्तर ठरवू नका. पेरू गोड आहे का, असं विचारा. मग थांबा. फार वेळ थांबावं लागेल, कंटाळा येईल, तरी थांबा.

एवढं केलं की सगळं मिळतं, असं मात्र मी लिहिणार नाही.

पूर्वाची दहावी झाली. पाच वर्षं आमच्या घरात एकच बोलणं होतं, दहावी झाली की ती जळगावला येईल, अकरावीला इथेच. मी तिच्यासाठी खोली रंगवून घेतली होती. फोमची गादी आणली होती. परवाच्या रविवारी ती मला सोडायला भुसावळ स्टेशनवर आली. गाडीला वेळ होता. ती म्हणाली, "आई, मी बारावीपर्यंत आत्याकडेच राहते."

मी विचारलं, "माझी भीती वाटते?"

"आता नाही वाटत," ती म्हणाली. "पण तू हसलीस की वाटते."

गाडी लागली. लोक चढायला लागले. पूर्वाने माझी पिशवी माझ्या खांद्यावर नीट केली आणि माझ्या तोंडाकडे न बघता, समोरच्या रुळांकडे बघत विचारलं, "आई, तुला रडू येतंय का?"

मी मान हलवली.

"मान नको हलवू. बोल."

"येतंय," मी म्हणाले. "खूप येतंय."

तिने ओढणीचं टोक घेतलं आणि माझे कोरडे डोळे पुसले, आधी एक, मग दुसरा.